शिंपलीतली चांदी: वास्तवाचा प्रश्न एका संध्याकाळी कसा तपासावा

"वास्तव म्हणजे काय?" असं सरळ विचारून चार माणसं बसली की अर्ध्या तासात गाडी देव आहे की नाही याच्यावर जाते, नाहीतर "ज्याचं त्याचं वास्तव वेगळं" या वाक्याशी येऊन थांबते. दोन्ही वेळा हाती काही लागत नाही. भारतीय दर्शनकारांनी याला फार चांगली वाट काढून ठेवली आहे: आधी चूक घ्या. शिंपली उन्हात चमकते, लांबून चांदी वाटते, उचलून पाहिली तर शिंपलीच निघते. मग ती चांदी होती कुठे? "मनात" म्हणालात, तर मनाला वस्तूचं रूप घेता येतं हे मान्य केलंत. "नव्हतीच" म्हणालात, तर नसलेली गोष्ट दिसू शकते हे मान्य केलंत. चुकीचा हिशेब कसा लावला, त्यावरून जगात काय खरं आहे याबद्दलचं मत उघडं पडतं. या विचाराला शास्त्रात ख्यातिवाद म्हणतात, आणि वास्तवाच्या अभ्यासाची सुरुवात इथूनच करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

गोव्यात हा अभ्यास करायला एक वेगळी सोय आहे. फोंड्याजवळ कवळ्याला गौडपादाचार्यांच्या नावाचा मठ आहे, तो अद्वैताच्या परंपरेतला. काणकोणात पर्तगाळीला गोकर्ण जीवोत्तम मठ आहे, तो मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेतला. एक परंपरा म्हणते भेद शेवटी खरा नाही, दुसरी म्हणते भेद हाच खरा. राशोलच्या सेमिनरीमुळे (ख्रिस्ती धर्मगुरूंच्या विद्यालयामुळे) ॲरिस्टॉटल आणि थॉमस अक्वायनस यांची परंपराही इथे शतकानुशतकं नांदते आहे. म्हणजे वास्तवाची तीन पक्की उत्तरं एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहेत, आणि तिन्हींची माणसं एकाच बाजारात भेटतात.

तयारी

पाच ते सात माणसं पुरेत. दहाच्या वर गेली की दोघेच बोलतात. जागा म्हणून घराचं बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) किंवा अंगण उत्तम. गोव्यात सूर्यास्त वर्षभरात साधारण सहा ते सातच्या दरम्यान होतो, म्हणून पाचला बसा आणि साडेसातला उठा: पहिल्या प्रयोगाला तिरपं ऊन लागतं, शेवटच्याला काळोख. पावसाळ्यात ऊन नसेल तर टॉर्च जमिनीलगत धरून काम भागतं.

सामान थोडंच आहे. शिनाण्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) तीन-चार रिकामी कवचं, धुऊन वाळवलेली. जुन्या घरांच्या खिडक्यांना लावत ती पातळ शिंपली दिसायला अधिक चांगली, पण ती कायद्याने संरक्षित आहे, खाडीतून उचलून आणू नका; घरात जुन्या खिडकीचा सुटा तुकडा पडला असेल तर तो वापरा. हातभर सुंभ. तीन टब. 0 ते 50 अंश दाखवणारा साधा थर्मामीटर (ताप मोजायचा चालत नाही, तो इतकं खाली मोजत नाही). बर्फ, एक अगरबत्ती, आणि प्रत्येकाला कागद-पेन्सिल. कागद टाळू नका. लिहून ठेवलं नाही तर शिंपली ओळखू आल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला ती आधीपासूनच कळली होती.

पहिला प्रयोग: शिंपली

कवचाची आतली, चकचकीत बाजू वर करून मातीत अर्धवट रोवा. बाकीची माणसं चार-पाच मीटरवर, सूर्य समोर येईल अशी बसवा, कारण परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यात यायला हवा. सूर्य पाठीशी असला की चमक मरते आणि प्रयोग फसतो. काय ठेवलं आहे ते आधी सांगू नका. नाणी, पत्र्याचा तुकडा असं काहीतरी शेजारी ठेवा.

आता प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या. पहिली: डोळ्याला काय दिसलं (चमक, आकार, रंग). दुसरी: ते काय आहे असं वाटलं. तिसरी, जवळ जाऊन उचलल्यावर: कशामुळे मत बदललं. पहिल्या दोन ओळी वेगळ्या लिहिणं हेच सगळ्यात अवघड जातं. बहुतेक जण पहिल्या ओळीतच "चांदीचा तुकडा दिसला" लिहितात. तसं झालं तर ओळ खोडायला लावा. दिसणं आणि ठरवणं यांतली फट सापडली नाही तर पुढचं सगळं शब्दांचं होतं.

आता एकेक उत्तर घ्या, आणि प्रत्येक उत्तराला एका माणसाने वकील म्हणून उभं राहायचं.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, म्हणतो: शिंपली खरी, चांदीही खरी, फक्त ती इथे नाही, सराफाच्या दुकानात आहे. पूर्वी पाहिलेल्या चांदीच्या आठवणीने डोळ्याला समोरच्या वस्तूवर भलताच गुण दाखवला. ही अन्यथाख्याती. हिचा फायदा असा की जगात एकही खोटी वस्तू मानावी लागत नाही. अडचण अशी की दुकानातली चांदी अंगणात डोळ्याला कशी "दिसते", नुसती आठवत का नाही, हे सांगताना नैयायिकाला एक खास प्रकारचा संबंध मानावा लागतो. अक्वायनसचं (1225–1274) उत्तर याच्या शेजारी बसतं: डोळ्याने चमक पाहिली त्यात चूक नाही, खरं-खोटं येतं ते बुद्धी "हे अमुक आहे" असं जोडते तिथे.

प्राभाकर मीमांसक (मीमांसा दर्शनातल्या प्रभाकरांच्या मताचा) आणखी पुढे जातो. त्याच्या मते चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. "हे" एवढं प्रत्यक्ष, "चांदी" ही आठवण, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. दोहोंतला फरक लक्षात आला नाही, इतकंच. याला अख्याती म्हणतात. मग माणूस वाकून ती उचलायला का गेला, हा प्रश्न त्याच्या वकिलाला विचारा. नुसता फरक न कळण्याने पाय हलतात का?

योगाचार बौद्ध (सगळं ज्ञानातच आहे असं मानणारा) म्हणतो, चांदी हा ज्ञानाचाच आकार आहे, बाहेर भासला. रामानुजांचं मत ऐकून लोक चकित होतात: पंचीकरणामुळे (पाच महाभूतांच्या मिश्रणामुळे) प्रत्येक वस्तूत इतर द्रव्यांचा अंश असतो, तेव्हा शिंपलीत चांदीचा अंश खरोखर आहे, दिसलं ते खरंच, पण अंश इतका थोडा की व्यवहाराला उपयोगाचा नाही.

उरले अद्वैती आणि माध्व, आणि इथे वेळ द्या, निदान अर्धा तास. अद्वैती विचारतो: चांदी सत् (खरोखर असलेली) असती तर नंतर "ही चांदी नव्हे" असा बाध झाला नसता, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने ती खोडली गेली नसती. असत् (मुळीच नसलेली) असती, वंध्येच्या पुत्रासारखी, तर दिसलीच नसती. दिसली आणि बाधित झाली, म्हणून ती दोन्ही नव्हे, अनिर्वचनीय (सत् किंवा असत् असं सांगता न येणारी). मिथ्या हा शब्द याच तिसऱ्या कोटीसाठी (वर्गासाठी) आहे. माध्व ही तिसरी कोटीच मानत नाही. त्याच्या मते शिंपली सत्, आणि तिथे दिसलेली चांदी पूर्ण असत्. असत् वस्तू चुकीने सत् म्हणून दिसू शकते, हाच तर भ्रमाचा अर्थ. अद्वैत्याच्या युक्तिवादातला "असत् असती तर दिसलीच नसती" हा एक खांब काढला की जगाला मिथ्या म्हणायची वाटच बंद होते, आणि मध्वांचे पाच भेद (ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड, जड-जड) जागच्या जागी खरे राहतात. कवळे आणि पर्तगाळी यांच्यातलं वैचारिक अंतर या एका वाक्यात मावतं. बैठकीत प्रत्येकाने कागदावर लिहावं: नसलेली गोष्ट दिसू शकते का? हो की नाही, आणि का.

इथे हमखास होणारी चूक: "मिथ्या म्हणजे खोटं" असं धरून शंकराचार्यांना हसणं. अद्वैतात तीन पातळ्या आहेत. शिंपलीतली चांदी प्रातिभासिक (भासापुरती), शिंपली स्वतः व्यावहारिक (रोजच्या व्यवहारापुरती), ब्रह्म पारमार्थिक (अंतिम अर्थाने खरं). वरच्या ज्ञानाने खालचं बाधित होतं, तोवर खालचं आपल्या जागी चालतं. ट्रकसमोर अद्वैतीही बाजूला होतो, आणि त्यात विसंगती काहीच नाही: तो आणि ट्रक एकाच पातळीवर आहेत.

सुंभ अंधार पडू लागल्यावर वाटेवर टाका आणि हीच तीन ओळींची कसरत पुन्हा करा. गौडपादकारिका या गौडपादांच्या श्लोकग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात, 17व्या कारिकेत (श्लोकात), अंधारातली दोरी सापच नव्हे तर पाण्याची धार म्हणूनही भासते असं आहे. तुमच्या कागदांवरही दोन-तीन वेगळी उत्तरं आली तर तो मुद्दा समजावून सांगायची गरजच उरत नाही.

दुसरा प्रयोग: तीन टब

तिन्ही टबांत तीन-तीन लिटर पाणी. मधला टब नळाच्या पाण्याचा, सुमारे 28 अंश. थंड टबात साधारण 400 ग्रॅम बर्फ विरघळवला की पाणी 15 अंशांच्या आसपास येतं. गरम टबासाठी अडीच लिटर नळाच्या पाण्यात अर्धा लिटर उकळतं पाणी आधी मिसळा, मगच हात घाला. थर्मामीटर 40 दाखवेल. 42 च्या वर जाऊ देऊ नका. एक हात थंडात, एक गरमात, पूर्ण एक मिनिट. मग दोन्ही एकदम मधल्यात. थंडातून आलेल्या हाताला तेच पाणी ऊन लागतं, दुसऱ्याला गार. वीस सेकंदांतच हात काढले तर फरक पुसट येतो आणि लोक म्हणतात काही झालंच नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1690 च्या आपल्या ग्रंथात (दुसरा भाग, आठवं प्रकरण) हे उदाहरण दिलं, ते आकार, गती यांसारखे गुण वस्तूत असतात आणि ऊब, रंग, चव हे आपल्यात उमटतात हे दाखवायला. तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कलीने 1713 च्या संवादांत तेच उदाहरण उचललं आणि विचारलं: मग आकार तरी वस्तूतच आहे कशावरून? तोही जवळून-लांबून बदलतोच. त्याचा निष्कर्ष असा की असणं म्हणजे जाणवलं जाणं, आणि कुणी पाहत नसतानाही वस्तू टिकतात कारण ईश्वराला त्या जाणवत असतात.

बर्कलीवर कुणीतरी लगेच टेबलावर हात आपटून "हे बघा, आहे की नाही!" म्हणतो. 1763 मध्ये इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सनने दगडाला लाथ मारून हेच केलं होतं. त्याने बर्कलीला धक्का लागत नाही. पायाला लागलेली ठेच हीदेखील जाणीवच. त्याला अडवायचं असेल तर थर्मामीटर पुढे करा आणि विचारा: दोन हात भांडले तेव्हा निवाडा कुणी केला? बर्कलीचा वकील म्हणेल, पाऱ्याची रेघही डोळ्यालाच दिसली. इथून वाद खऱ्या अर्थाने सुरू होतो, तो तोडू नका. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं (1781) म्हणणं याच ठिकाणी समजतं: अवकाश, काळ, कार्यकारण या आपल्या जाणण्याच्या चौकटी आहेत, त्या चौकटीत येणारं जग सगळ्यांना सारखं आणि शास्त्राला पुरेसं, चौकटीबाहेरची वस्तू मात्र आपल्याला कळणारच नाही.

तिसरा प्रयोग: अगरबत्ती

पूर्ण काळोख झाल्यावर दिवे घालवा. पेटती अगरबत्ती मनगटाने लहान, वीतभर रुंदीच्या वर्तुळात फिरवा. सावकाश फिरवली तर ठिपका दिसतो, वेग वाढवला की कमान, आणखी वाढवला की कडं जवळजवळ जुळतं. मोठं वर्तुळ काढू नका. हात तेवढा वेगाने फिरत नाही आणि राख अंगावर पडते. मग एकदम थांबवा.

कडं कुठे गेलं? गौडपादकारिकेच्या चौथ्या प्रकरणाचं नावच अलातशांती, अलात म्हणजे पेटतं कोलीत. तिथे 47 ते 50 या कारिकांत नेमकी हीच चौकशी आहे: फिरताना आकार दुसरीकडून आले नाहीत, थांबल्यावर कुठे गेले नाहीत, कोलितात शिरलेही नाहीत. तसंच जाणणारा आणि जाणलेलं हे दोन्ही विज्ञानाच्या (इथे अर्थ जाणिवेच्या) स्पंदनाचे आभास, असं गौडपाद म्हणतात. या प्रकरणातली भाषा बौद्ध विचाराच्या इतकी जवळ जाते की अभ्यासकांत त्यावरून आजही वाद आहे. ज्यांना बौद्ध बाजू मराठीतून समजून घ्यायची आहे त्यांचं भाग्य असं की साखवाळला 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी मूळ पाली वाचून मराठीत लिहून गेले.

आता या दाखल्याचीही परीक्षा घ्या, नाहीतर प्रयोग नुसता दिव्यांचा खेळ होतो. कडं भासायला खरा निखारा लागला, खरा हात लागला, बघणारा डोळा लागला. जग भास असेल तर निखाऱ्याच्या जागी काय? अद्वैती म्हणेल चैतन्य; माध्व म्हणेल, दाखल्यातच तुम्ही तीन खऱ्या वस्तू मानल्यात, मग निष्कर्षात एक कशी?

तुलना करताना

वेगवेगळ्या देशांतले विचार शेजारी ठेवले की "सगळे एकच सांगतात" असं वाटू लागतं. ही सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक चूक. प्लेटोच्या गुहेतल्या सावल्या म्हणजे माया, असं म्हणण्याआधी मोजा: गुहेबाहेर प्लेटोला अनेक आदर्श रूपं दिसतात, अद्वैतात दुसरं काही उरतच नाही. कांटची वस्तुस्वरूपाची कल्पना म्हणजे ब्रह्म, असंही नाही; कांटच्या मते ते कधीच कळणार नाही, अद्वैताच्या मते ते तू स्वतःच आहेस. क्वांटम भौतिकी पहिल्या दोन बैठकांत आणूच नका. तिथे "पाहणं" म्हणजे उपकरणाने मोजणं, आणि हा शब्द द्रष्ट्याच्या अर्थाने वापरला की चर्चा परत येत नाही.

बैठकीनंतर प्रत्येकाने एक पान लिहावं: कोणतं उत्तर पटलं, त्याची किंमत काय (कोणती नकोशी गोष्ट मानावी लागते), आणि कोणत्या आक्षेपाला उत्तर सुचलं नाही. तिसरा भाग रिकामा असेल तर पान परत द्या. पुढच्या बैठकीला गौडपादकारिकेचं दुसरं, वैतथ्य प्रकरण घ्या, फक्त 38 कारिका आहेत. विषय स्वप्नाचा: स्वप्नातली तहान स्वप्नातल्या पाण्याने भागते, जागेपणीच्या पाण्याने नाही. मग उपयोगी पडतं ते खरं, ही कसोटी कितपत टिकते? कागदांवर तारीख घालून ते जपून ठेवा. पहिल्या संध्याकाळी "नसलेली गोष्ट दिसू शकते का" याला दिलेलं उत्तर तेव्हा पुन्हा काढायचं आहे.