नदीवरून परतताना क्रेफिशचा रोग सोबत नेऊ नये म्हणून काय करावे

आयर्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी सुट्टीत कयाक घेऊन किंवा गळ टाकायला नदीवर जातात. त्याच पाण्यात दगडांखाली पांढऱ्या नांग्यांची क्रेफिश राहते, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच. ‘क्रेफिश प्लेग’ तिच्या मुळावर उठला आहे. हा रोग बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवामुळे होतो आणि तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिकडच्या क्रेफिश तो अंगावर बाळगून सहसा जगतात. इथल्या पटापट मरतात. औषध नाही.

2017 मध्ये शुअर नदीत क्रेफिश मोठ्या संख्येने मेल्या. त्या नदीत अमेरिकी क्रेफिश सापडल्या नव्हत्या, त्यामुळे संशय गेला तो माणसांच्या ओल्या सामानावर. म्हणून सगळं लक्ष सामानावर द्यायचं.

पाण्यातून बाहेर आलात की काठावरच सामान तपासा. बुटांच्या तळव्यातला चिखल, जाळीत अडकलेलं शेवाळ, वेटसूटच्या शिवणी, कयाकच्या तळाशी साचलेलं पाणी: या रोगाचे बीजाणू, म्हणजे तो पसरवणारे डोळ्यांना न दिसणारे कण, तग धरतात ते अशाच ओलसर जागी. चिखल-शेवाळ तिथेच काढा, कयाक तिथेच उपडी करा.

घरी आल्यावर, सामानाला चालत असेल तर, 45 अंश तापमानाच्या पाण्यात ते 15 मिनिटं बुडवून ठेवा. धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका.

मग वाळवणं. इथेच बहुतेकांची घाई होते. वरून कोरडा दिसणारा बूट आत बोट घातलं की ओला लागतो. आतला तळवा काढून वाळवा. पूर्ण कोरडं झाल्यावर आणखी 48 तास तसंच राहू द्या. आयर्लंडच्या हवेत याला वेळ लागतो, हे मान्य. पण एकाच दिवशी दोन नद्यांवर तेच ओलं सामान नेऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

मत्स्यालयातली क्रेफिश नदीत कधीही सोडू नका.

एरवी रात्री फिरणारी क्रेफिश भर दिवसा उघड्यावर, ताठ पायांवर अडखळत चालताना दिसली किंवा उलटी पडून सरळ होईना, तर रोगाची शंका घ्या. तिला हात लावू नका. ती कायद्याने संरक्षित आहे. फोटो काढा, नेमकी जागा टिपा आणि नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला त्याच दिवशी कळवा.