मास्टिफ पाळताय? घाईपोटी होणाऱ्या या चुका टाळा

इंग्लिश मास्टिफ या अवाढव्य जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की नव्या मालकांचे प्रश्न ठरलेले असतात. हा अजून मोठा कशाने होईल? आणि हा भुंकत का नाही, राखण कधी करणार? वर्षानुवर्षं हेच ऐकतेय, आणि या जातीची निम्मी दुखणी या दोन प्रश्नांतूनच सुरू होताना बघतेय.

मास्टिफ मोठा होणारच आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी ७६ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच भरतो आणि वजन ७० ते १०० किलोपर्यंत जातं. मादी थोडी लहान, साधारण ५५ ते ७५ किलो. १९८९ मध्ये झोर्बा नावाच्या एका मास्टिफचं वजन १५५ किलोच्या वर नोंदलं गेलं होतं. हे शरीर भरायला जवळपास तीन वर्षं लागतात. राखणीचंही तसंच आहे. ती वृत्ती त्याच्या रक्तात आहे, पण ती दिसायला कुत्रा मनाने मोठा व्हावा लागतो. ज्याला सहा महिन्यांत दोन्ही हवंय, त्याने ही जात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅल्शियमची बाटली

सगळ्यात जास्त नुकसान मी या एका गोष्टीने झालेलं पाहिलंय. "एवढा मोठा कुत्रा, हाडं मजबूत पाहिजेत" म्हणून पहिल्याच आठवड्यात कॅल्शियमचं सिरप सुरू होतं. पिल्लाच्या आहारात आधीच पुरेसं कॅल्शियम असेल तर हे सिरप औषध राहत नाही, अपाय करतं.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं आणि बाकीचं सोडून देतं. पिल्लाला सुमारे सहा महिन्यांचं होईपर्यंत हे नीट जमत नाही. पोटात जितकं जास्त जाईल, तितकं जास्त रक्तात उतरतं. मग कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ, लवचिक भागाचं, हाड होण्याची क्रिया बिघडते, पाय वाकतात, सांध्यातल्या कूर्चेचे तुकडे सुटतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिलांवर यावर काम झालं, आणि जास्तीचं कॅल्शियम खाल्लेल्या पिलांच्या हाडांत असेच दोष आढळले. इतकी जुनी माहिती असूनही बाटल्या विकल्या जातात आणि घेतल्याही जातात.

ओळखीतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांना पिल्लू देणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: सिरप दोन वेळा, वर पावडर, आणि खाणं पोट भरेल तेवढं. पाचव्या महिन्यात ते पिल्लू त्याच्या सगळ्या भावंडांपेक्षा मोठं दिसत होतं आणि घरात कौतुक चाललं होतं. मग ते पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागलं. घरच्यांनी ठरवलं की हाडं कमजोर आहेत, आणि सिरपचा डोस वाढवला. काही आठवड्यांनी उजवा पायही तसाच झाला. मी पाहिलं तेव्हा पिल्लाचे पुढचे दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले होते, मनगटं आत झुकलेली होती, आणि उठताना ते आधी छातीचा आधार घेत होतं. एक्स-रेमध्ये दिसलं की कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एकाची वाढ मागे पडली आहे. दुसरं वाढतच होतं, त्यामुळे पाय धनुष्यासारखा ताणला गेला होता.

सिरप, पावडर बंद झाली. आहार बदलला, वजन उतरवलं. एक पाय बराच सरळ झाला, दुसरा नाही. तो कुत्रा आजही आहे, स्वभावाने फार गोड आहे, पण थंडीत त्याला उठवताना दोघांना हात द्यावा लागतो. चालता न येणारा ऐंशी किलोचा कुत्रा सांभाळणं काय असतं, हे त्या घरातल्या माणसांना विचारा.

पाच महिने ते दीड वर्ष या वयात या जातीची पिल्लं कधी कधी एकदा या पायाने, एकदा त्या पायाने लंगडतात. लांब हाडांना सूज येते आणि वयाबरोबर ती बरी होते. याला पॅनॉस्टायटिस म्हणतात. कॅल्शियम कमी पडण्याशी त्याचा संबंध नाही. पण लंगडणं म्हणजे हेच, असं घरी बसून ठरवू नका, एक्स-रे काढा. आणि माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

माझी पद्धत अशी आहे. तयार खाद्य घेताना मोठ्या जातीच्या पिलांच्या वाढीसाठी असल्याचं पाकिटावर लिहिलेलंच घेते आणि कॅल्शियमचा आकडा वाचते. कोरड्या वजनाच्या (म्हणजे खाद्यातलं पाणी वगळून) एक ते दीड टक्क्याच्या आसपास मला बरं वाटतं, १.८ टक्के ही वरची मर्यादा. त्यावर काहीही मिसळत नाही. घरचं शिजवून घालायचं असेल तर पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून प्रमाण लिहून घ्यावं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, त्यामुळे तिथे खरोखर कमतरता होते. म्हणजे अंदाजाने वागलं की दोन्हीकडून मार बसतो.

दर आठवड्याला वजन करते आणि बरगड्यांवर हात फिरवते. बोटांना बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. लोक अशा पिल्लाला उपाशी म्हणतात. म्हणू देत. लॅब्राडॉरच्या भावंडांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि सांधेही उशिरा दुखू लागले. मास्टिफचं आयुष्यच मुळात सहा ते दहा वर्षांचं. त्यातली दोन वर्षं मी गुबगुबीत दिसण्यासाठी देणार नाही.

"कडक" कुत्रा करण्याचा नाद

दुसरी चूक, आणि हिचा मला जास्त राग येतो, कारण इथे कुत्र्याबरोबर माणसंही जखमी होतात.

पिल्लाला पाहुण्यांपासून लांब ठेवायचं, दिवसभर साखळीला बांधायचं, रात्री सोडायचं, मधूनमधून कुणाला तरी त्याला डिवचायला लावायचं. याने कुत्रा राखणदार होतो असा समज आहे. असा वाढवलेला एक नर मी जवळून पाहिलाय. दीड वर्षाचा झाल्यावर तो फाटकाबाहेरच्या प्रत्येकावर झेपावायचा, आणि मालक खूश होते. मग एक दिवस मालकांची सख्खी बहीण राहायला आली. रात्री पाणी प्यायला ती अंधारात उठली आणि त्याने तिचा हात धरला. टाके पडले. त्या घटनेनंतर त्या कुत्र्याला मुस्की घातल्याशिवाय दवाखान्यात नेता येईना, घरातली मुलं त्याच्या खोलीकडे फिरकेनात. चांगल्या प्रशिक्षकाने फार मेहनत घेतली, पण परक्या माणसासमोर तो कधीच भरवशाचा झाला नाही.

राखण करणाऱ्या कुत्र्याला नेहमीचं काय आणि वावगं काय हे ओळखता आलं पाहिजे. ज्याने नेहमीचं कधी पाहिलंच नाही, त्याला सगळंच वावगं वाटतं. तो भीतीने चावतो, आणि भ्यालेला मास्टिफ कुणालाच आवरत नाही.

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. या काळात त्याला छत्री, हेल्मेट, व्हीलचेअर, दाढीवाला माणूस, पळणारी मुलं, दारात येणारी अनोळखी माणसं असं सगळं दाखवा. लसी पूर्ण झाल्या नसतील तर खाली न सोडता उचलून न्या. आठ आठवड्यांचा मास्टिफ उचलता येतो, नंतर ती सोय राहत नाही. कुणाच्या हातात बळेच देऊ नका. लांबून बघू दे, त्याला वाटलं तर जवळ जाऊ दे.

राखणीची काळजी करू नका, ती आपणहून येते. प्रौढ मास्टिफ फारसा भुंकत नाही. परका आत आला की तो उठतो, घरच्यांच्या आणि त्याच्या मधे येऊन उभा राहतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. चावायला शिकवण्याची गरज नाही, शिकवूही नये. उलट तो गुरगुरला म्हणून त्याला मारूही नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

पोट फुगलं तर सकाळची वाट बघू नका

रुंद नि खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पिळलं जातं. उलटीचे उमाळे येतात पण पडत काहीच नाही, पोट ताणून ढोलकं होतं, लाळ गळते, कुत्रा एका जागी बसत नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात. यावर घरगुती उपाय नाही. काही तासांत कुत्रा जातो, आणि वाचतो तो शस्त्रक्रियेनेच. रात्री उघडं असणारं जनावरांचं हॉस्पिटल कोणतं, हे पिल्लू आणण्याआधी शोधून ठेवा.

दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटून द्या, अधाशासारखं खात असेल तर हळू खायला लावणारं भांडं वापरा, जेवणाच्या आगेमागे पळापळ नको. भांडं उंच स्टँडवर ठेवण्याचा सल्ला अजून सर्रास मिळतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० साली आलेल्या अभ्यासात मोठ्या जातींमध्ये उंच भांड्याने धोका वाढलेला दिसला, म्हणून माझ्याकडे भांडी जमिनीवर असतात. नसबंदी करतानाच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं, त्याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. पोट फुगणं त्याने थांबत नाही, पण पिळलं जाण्याचा धोका खूप कमी होतो. मी ते करून घेते.

नसबंदीची मात्र घाई नको. हाडांच्या वाढत्या टोकांवरच्या कूर्चा बंद होण्यात संप्रेरकांचा हात असतो आणि या जातीत त्याला दीड-दोन वर्षं लागतात. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

बाकीचं थोडक्यात

गुळगुळीत फरशीवर पिल्लू घसरत वाढू देऊ नका, सतरंजी किंवा रबरी मॅट टाका.

वर्षभर तरी जिने, उड्या आणि सायकलमागे पळवणं बंद.

कडक जमिनीवर झोपून कोपरांना पाण्याचे फुगे येतात, जाड गादी द्या.

उन्हात फिरवू नका. एवढं शरीर लवकर तापतं आणि हळू थंड होतं.

अंगावर उडी मारणं आणि पट्टा ओढणं दहा किलोचा असतानाच सोडवा.

भूल देण्याआधी वजन काट्यावरच करायला सांगा. अवाढव्य कुत्र्यांना गुंगीच्या औषधाचा किलोमागचा डोस सहसा कमी लागतो, हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि एक चूक या सगळ्यांच्या आधीची: पिल्लाचा फोटो बघून पैसे पाठवणं. आई-वडिलांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे, हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी मागा. खुब्याचा पक्का निकाल अमेरिकेतली नोंदणी संस्था (ओएफए) दोन वर्षांच्या वयानंतरच देते, तेव्हा त्याहून लहान जोडीची पिल्लं घेऊच नका. पिलांच्या आईला भेटल्याशिवाय व्यवहार करू नका. पिलांपाशी ती थोडी सावध असणारच. पण तिला पिलांपासून दूर आणल्यावरही ती माणसाला बघून कोपऱ्यात दबत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लू कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.