जुन्या फोर-बाय-फोरचे पुढचे ड्रम काढून डिस्क बसवताना

ड्रम ब्रेकची जुनी गाडी पाण्यातून बाहेर आली की पहिले दोन-तीन ब्रेक नुसतेच घसरतात, आणि मग एकाच बाजूचं चाक आधी पकडून स्टिअरिंग ओढतं. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, आतून दाबल्या जाणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि पेडल दर खेपेला थोडं अजून खाली जातं. त्यात मोठे टायर चढवलेले असतात. २८ इंचांच्या जागी ३३ इंचांचा टायर आला की तेच ब्रेक जमिनीवर सुमारे १५ टक्के कमी जोर देतात. डिस्क ब्रेकने (चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दोन्हीकडून पॅडने चिमटणारा कॅलिपर) ही दुखणी बऱ्याच अंशी जातात. पण या कामातलं लोखंडकाम हा सोपा भाग. काम फसतं ते बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा पंप), म्हणून सामान घेण्याआधी हिशेब तिथून सुरू करायचा.

पुढचं सगळं वर्णन सॉलिड फ्रंट अ‍ॅक्सल, नकलला (स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) बोल्टने बसणारा स्टब (ज्यावर चाकाचा हब फिरतो तो पोकळ दांडा) आणि चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीसाठी आहे. आधी मागचे लायनर नीट अ‍ॅडजस्ट करून आणि जुने रबरी होज बदलून गाडी चालवून बघा. पेडल खोल जाण्याचं कारण कधीकधी तेवढंच असतं.

तेलाचा हिशेब

ड्रममधला पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन घट्ट होतो. पॅडला ही फुकटची मदत मिळत नाही, त्यामुळे त्याला दाबायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. लायनर दाबणाऱ्या २५ मिमीच्या व्हील सिलिंडरपेक्षा ६० मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास पावणेसहा पट आहे. पिस्टन मोठा म्हणजे जोर जास्त, पण तो सरकवायला तेलही जास्त लागतं. पाऊण इंची जुना मास्टर तेवढं तेल ढकलू शकत नाही आणि पेडल फरशीला टेकतं. मग माणूस दोन दिवस हवा काढत बसतो. हवा नसतेच, मास्टर लहान असतो.

उलट टोकही वाईट. ७/८ इंचावरून १ इंच बोअरवर (आतल्या व्यासावर) गेलं की पेडलचा प्रवास २३ टक्के कमी होतो, पण तेवढ्याच ब्रेकसाठी पाय ३१ टक्के जास्त जोराने दाबावा लागतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) नसलेल्या गाडीत हे पेडल लाकडासारखं लागतं. कॅलिपर ज्या मॉडेलचे घेतलेत त्याच मॉडेलच्या मास्टरचा बोअर सुरुवातीला धरा. त्या मॉडेलला बूस्टर असेल तर तुमच्या गाडीलाही तो लागणार हे गृहीत धरा.

सिंगल सर्किटचा मास्टर असेल तर तो याच कामात काढून टाका. एक पाईप फुटला की त्यात चारही चाकांचे ब्रेक जातात. टँडेम (दोन वेगळ्या सर्किटांचा) मास्टर डिस्क-ड्रम जोडीचा घ्या. त्यात डिस्कच्या बाजूची टाकी मोठी असते, कारण पॅड झिजत जातात तसं तेल कॅलिपरमध्ये उतरत राहतं. कोणतं तोंड पुढच्या ब्रेकचं हे मास्टरगणिक बदलतं, तेव्हा अंदाजाने पाईप जोडू नका.

ड्रमच्या बऱ्याच मास्टरांच्या तोंडाशी सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व असतो. तो पुढच्या लाईनला राहिला तर पॅड सुटतच नाहीत आणि डिस्क निळी पडते. तो काढा. मास्टर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर मात्र पुढच्या लाईनला २ पीएसआयचा व्हॉल्व हवा, नाहीतर गाडी उभी असताना तेल मास्टरकडे परतत राहतं.

सामान

डावा-उजवा कॅलिपर, डिस्क, नकल आणि स्टब यांच्यामध्ये बसणारी कॅलिपर ब्रॅकेट, पॅड, होज, होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टसाठी नवे तांब्याचे वॉशर, हबचं ऑईल सील, स्टबचं गॅस्केट, बेअरिंगच्या नटाखालचा लॉक वॉशर, व्हील बेअरिंगचं ग्रीस, एक लिटर डॉट ४ तेल. बेअरिंगला खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर हबमध्ये ठोकून बसवलेल्या बाहेरच्या रिंगसकट नवी घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

खोलायच्या आधी चाकाची रिम तपासा. १५ इंची रिमच्या आत कॅलिपर बसेलच असं नाही. पुढे कॅलिपर जागेवर बसला की त्याच्या पाठीवर मातीचा किंवा क्लेचा पातळ थर देऊन चाक हाताने फिरवा. किमान ३ मिमी जागा राहिली पाहिजे.

खोलणं

मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गाडी जॅकवर नाही, जॅक स्टँडवर ठेवा. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेचा पाईप मारू नका, पाणी फवारून ओल्या कापडाने पुसा.

फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टला जोडणारं-सोडवणारं बाहेरचं टोपण) काढा, लॉक वॉशरचा वाकवलेला कान सरळ करा, दोन्ही नट सोडा आणि हब ओढून घ्या. नट छिन्नी-हातोड्याने सोडण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याने नटाच्या कडा जातात आणि पुढे नेमका टॉर्क देता येत नाही. या नटासाठी नळीसारखा बॉक्स पाना मिळतो, तो वापरा. मग स्टबचे बोल्ट, स्टब आणि बॅकप्लेट (ड्रममागचा पत्रा) काढा.

आता नकलच्या आत बघा. घट्ट ग्रीसऐवजी पातळ काळं पाणीदार मिश्रण दिसलं तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय आणि डिफरन्शिअलचं तेल इकडे येतंय. ते सील आत्ताच बदला. हे तेल उद्या नव्या पॅडवर येईल आणि तेलात भिजलेला पॅड धुऊन परत कामाचा होत नाही.

बसवणं

ब्रॅकेट बॅकप्लेटच्या जागी येते, पण ती जाड असते. बॅकप्लेट २ मिमी आणि ब्रॅकेट १० मिमी असेल तर स्टब ८ मिमी बाहेर सरकतो. बोल्ट तितकेच लांब घ्या. नकलमध्ये आटे निदान बोल्टच्या व्यासाइतके शिरले पाहिजेत. अ‍ॅक्सल शाफ्टचे दाते हबमध्ये पूर्ण गुंततात ना, हेही तपासा.

हबवर डिस्कचा बसायचा पृष्ठभाग वायर ब्रशने चकचकीत करा. इथे घाई महाग पडते. हबच्या कडेला, केंद्रापासून ७० मिमीवर, गंजाचा ०.०५ मिमीचा पापुद्रा राहिला तर डिस्कच्या कडेला, १४० मिमीवर, तो दुप्पट म्हणजे ०.१ मिमी डगमगतो. एवढंही पेडलमध्ये थरथर म्हणून जाणवायला पुरतं. डिस्क बसवून, बेअरिंग अ‍ॅडजस्ट करून, डायल गेज लावून डगमग मोजा. मॅन्युअलचा आकडा नसेल तर ०.१ मिमीच्या आत ठेवा. जास्त आला तर डिस्क एक-एक स्टड फिरवून बसवून बघा, बहुतेकदा एखाद्या जागी ती जमते.

बेअरिंगचा आतला नट हब फिरवत घट्ट करा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग ढिला करून मॅन्युअलच्या टॉर्कला आणा, लॉक वॉशर घाला आणि बाहेरचा नट कसा. ड्रमला थोडं ढिलं बेअरिंग चालून जायचं. डिस्कला नाही. वळणावर हब हलला की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि त्यानंतर ब्रेक दाबला की पेडल अर्धं आत जातं. दुसऱ्यांदा दाबलं की नीट लागतं. हे लक्षण हमखास हवा म्हणून वाचलं जातं.

कॅलिपर फिक्स्ड प्रकारचा (दोन्हीकडे पिस्टन, स्वतः न सरकणारा) असेल तर डिस्क त्याच्या मधोमध, अर्ध्या मिमीच्या आत हवी. शिम (पातळ चकत्या) ब्रॅकेट आणि कॅलिपरच्या मध्ये घाला. फ्लोटिंग (पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरला थोडा फरक चालतो, पण त्याच्या पिना हाताने सरकल्या पाहिजेत. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल असतं. ते ब्रेक क्लीनरने पुसा. रबरी भागांना पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑईल लावू नका. त्याने सील फुगतात.

होज लावल्यावर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळत ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. होज ताणली जाऊ नये, टायर किंवा स्प्रिंगला घासू नये.

बूस्टर असेल तर त्याचा दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांत अर्धा ते एक मिमी फट राहू द्या. दांडा लांब असला तर मास्टरचं परतीचं भोक झाकलं जातं. सुरुवातीला सगळं छान वाटतं, मग काही किलोमीटरांनी तेल तापून फुगतं आणि ब्रेक स्वतःच आवळत जातात. अशा वेळी मास्टरचे नट दोन आटे ढिले केले आणि चाकं सुटली, तर दोष दांड्याचाच.

हवा काढणं

हवा काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवा. तो खाली आला असेल तर डावा-उजवा कॅलिपर उलटे लागलेत, आणि त्यातली हवा कधीच निघणार नाही. मास्टर आधी बाकावर धरून तेलाने भरा. मग मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे या, मॅन्युअलने वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. पेडल सावकाश दाबा. फटाफट मारल्याने हवेचे बारीक बुडबुडे होतात आणि तासभर बसायला लागतं. मागच्या लाईनला भारानुसार चालणारा व्हॉल्व असेल तर गाडी चाकांवर उभी असताना मागची हवा काढा.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोराने दाबून ठेवा. हळूहळू खाली गेलं तर गळती किंवा मास्टरचं सील. प्रत्येक जोड कापडाने पुसून बघा. मोकळ्या, सपाट जागी आधी चालण्याच्या वेगाने, मग ३० च्या वेगाने थांबून बघा.

नवे पॅड डिस्कवर मुरवण्यासाठी ५० ते १० असा वेग आठ-दहा वेळा उतरवा, पूर्ण थांबू नका आणि मध्ये अर्धा मिनिट हवा लागू द्या. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक न मारता चालवा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे कायम थरथर राहते.

मग ओल्या खडीवर जोरात ब्रेक मारून कोणती चाकं आधी घसरतात ते एका माणसाला बाहेरून बघायला सांगा. पुढची आधी घसरायला हवीत. मागची आधी लॉक झाली तर आखूड गाडी क्षणात आडवी होते. तशी होत असेल तर मागच्या लाईनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व घालून दाब कमी करा. ब्रेकमध्ये असा बदल काही देशांत तपासणीत दाखवावा लागतो, त्याची कागदपत्रं वेळीच करा.

पाचशे किलोमीटरनंतर स्टबचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंगमध्ये खेळ आलाय का ते बघा.