कुणाचं दुःख ऐकायला बसाल तेव्हा

नोकरीतून निवृत्त झाले तरी कळव्यातल्या आमच्या सोसायटीत मी अजून 'सिस्टर'च आहे. कुणाच्या घरी काही अघटित घडलं की माझी बेल वाजते. "सिस्टर, तुम्ही जरा बसता का तिच्याजवळ? आम्हाला काय बोलावं सुचत नाही." सुचायची गरजच नसते. आपण पाहिलं, ऐकलं, त्यावर विश्वास ठेवला, एवढं समोरच्याला कळलं की अर्धं काम झालं. ते कसं करायचं, ते सांगते.

आधी बसायचं कसं. समोरासमोर खुर्ची टाकली की पोलीस जबाब घेतल्यासारखं वाटतं, म्हणून जरा तिरकं, बाजूला बसा. फोन पर्समध्ये, टीव्ही बंद. पाण्याचा ग्लास हाताशी ठेवा, "पी, पी" म्हणून मागे लागू नका. आणि आपण किती वेळ आहोत ते सुरुवातीलाच सांगून टाका: "मी सातपर्यंत आहे." हे उद्धट वाटतं, पण सारखं घड्याळाकडे बघणाऱ्या पाहुण्यापेक्षा बरं. चार-पाच जणींनी मिळून जाऊ नका, तिची सगळी शक्ती चहा ठेवण्यात जाते.

आता ऐकणं. खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्राकडे बाहेरगावचे पेशंट येतात. त्यांच्यासोबत आलेल्यांशी बोलायला मी अधूनमधून ठाण्याहून पनवेल लोकलने जाते. एकदा यवतमाळकडची एक बाई भेटली. मांडीवर मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका, वर दोरा गुंडाळलेला. आत नवऱ्याच्या तपासणीच्या काचेच्या स्लाइड. मी विचारलं, "कधी निघालात घरून?" तिने एसटीपासून सुरुवात केली. मग म्हैस कुणाकडे ठेवली, मोठा मुलगा बारावीला, दिराने पैसे देतो म्हणून दिले नाहीत. 'गाठ' हा शब्द यायला बराच वेळ लागला. मध्ये तोडून "पण डॉक्टर काय म्हणाले?" असं विचारलं असतं, तर तिने दोन वाक्यांत रिपोर्ट सांगून विषय संपवला असता. शेवटी मी एवढंच म्हटलं, "म्हणजे घर, म्हैस, मुलगा, सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर, आणि वर ही गाठ." ती म्हणाली, "तेच तर." मग दोरा सोडून तिने एकेक स्लाइड मला उजेडात धरून दाखवली. मला त्यातलं काडीचं कळत नाही. मी सगळ्या पाहिल्या.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, माणूस ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने ऐका. दोन, शब्द त्यांचेच वापरा. ती 'गाठ' म्हणत असेल तर तुम्ही पुढे होऊन 'कॅन्सर' म्हणू नका.

बोलायचं टाळा ते असं: देवाची इच्छा, जे होतं ते चांगल्यासाठीच, आमच्या आत्येलाही अगदी हेच झालं होतं, आता धीर धर, मुलांकडे बघ. आणि सगळ्यांत वाईट, "एवढ्या रात्री गेलीसच का?" कारण विचारणारा 'का' दोष चिकटवूनच येतो. खोदून तपशीलही काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतही हेच आहे: बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, पण बोलण्याची सक्ती नको. काही जण तासभर गप्प बसतात. बसू द्या, तुम्हीही बसा.

मारहाणीचं प्रकरण वेगळं. केथी वाइनगार्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बघणाऱ्यांचे चार प्रकार सांगितलेत: कळतंय आणि काही करू शकतो, कळतंय पण हातपाय गळालेत, कळत नाही आणि हातातही काही नाही, आणि चौथा, ज्याच्या हातात सत्ता आहे पण कळत नाही. सगळ्यांत जास्त नुकसान हा चौथा करतो. "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडायचं" म्हणणारा सोसायटीचा चेअरमन आठवा.

वरच्या मजल्यावरून आवाज आले तर एकटं जाऊ नका, शेजाऱ्याला घ्या आणि बेल वाजवा. निमित्त काहीही चालतं. मी विरजण मागते. हातात वाटी असली की दार उघडावंच लागतं, आणि आत काय चाललंय ते दिसतं. जीवाचा धोका वाटला तर विरजण बाजूला, थेट पोलिसांच्या मदतीसाठी ११२. नंतर ती एकटी भेटली की विचारा, "तुला काय हवंय?" तिला पोलिसांत जायचं नसेल तर ओढून नेऊ नका. १८१ हा महिलांसाठीचा नंबर सांगून ठेवा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक यांच्या झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची तयारी दाखवा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवलं असेल तर त्याच्यावर कारवाई होत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं.

मूल सांगत असेल तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराबाबत पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लावा.

लोकलच्या दारातून कुणी पडलेलं पाहिलं, तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला कळवा, व्हिडिओ काढणाऱ्याचा हात खाली करा. मग ऑफिसला जाऊन 'काही नाही झालं' म्हणू नका. बघणाऱ्यालाही धक्का बसतो, त्या दिवशी कुणाला तरी सांगा. दुसऱ्याचं ऐकून घरी आल्यावर मी पालेभाजी निवडायला बसते, हाताला काम हवं. ज्याचं ऐकलं त्याचं नाव मात्र घरातही काढत नाही. आमच्याकडे बातमी लिफ्टपेक्षा वेगाने खाली पोहोचते.

दहावं-तेरावं होईपर्यंत सगळे येतात. तुम्ही नंतर जा. "भाजीला चाललेय, काही आणू?" पुरतं. "काही लागलं तर सांग" म्हटलं की कुणी सांगत नाही.

काही आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, किंवा "आता जगून काय करू" असं तोंडातून आलं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, घरातल्या कुणाला तरी बोलावून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर फॉरवर्ड करून मोकळं होऊ नका. स्वतः लावा, पलीकडून आवाज आला की फोन त्यांच्या हातात द्या.