'चांगला लॅपटॉप सुचवा रे' एवढंच लिहू नका

मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढंच टाकलं, की दहा जण आपापलाच लॅपटॉप सुचवतात. त्याऐवजी असं लिहा: 'बजेट ४५ हजार, ताणून ५०. टॅली, एक्सेल आणि मुलीचे ऑनलाइन क्लास. गेम नाहीत. रोज लोकलमधून न्यायचाय, हलका हवा.' मग उत्तरं कामाची येतात. सुचवणाऱ्याला उलट विचारा, 'तू स्वतः किती दिवस वापरतोयस?' निम्मे तिथेच गप्प होतात.

जुना मंद झालाय म्हणून नवा घेताय? जरा थांबा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि तिच्याखाली 'एचडीडी' (म्हणजे जुन्या पद्धतीची, हळू चालणारी हार्ड डिस्क) दिसलं, तर तेवढाच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. बऱ्याचदा तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवून भागतं. माझा २०१६ चा डबा अजून त्यावरच चाललाय.

एरर आली तर 'काहीतरी इंग्रजीत येतंय' असं सांगू नका, अख्खी स्क्रीन दाखवा. फक्त ईमेल, खाते क्रमांक दिसत असेल तर टाकण्याआधी झाका.