संस्थेच्या कार्यकारिणीवर नाव टाकून राहिलेत? मग हे वाचून घ्या

"या ना आमच्या संस्थेवर, काही काम नाही, फक्त नाव पाहिजे" असं कोणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. नागपुरात बहुतेक लोक ओळखीपाळखीनंच बोर्डावर येतात, त्यात वाईट काही नाही, पण फक्त नाव असा प्रकार कायद्यात नाहीच. विश्वस्त म्हणजे जबाबदार, आणि गडबड झाली तर धर्मादायकडून, म्हणजे संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून, नोटीस तुमच्याही घरी येते.

हो म्हणायच्या आधी तीन कागद मागा. संस्थेची घटना, परिशिष्ट एकचा (धर्मादायच्या नोंदवहीतली संस्थेची नोंद, तिथं विश्वस्तांची नावं असतात) उतारा आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. परिशिष्ट एकवर आज कोणाची नावं आहेत ते नीट बघा, कारण बऱ्याच ठिकाणी वारलेल्या माणसांची नावं अजून तशीच असतात आणि प्रत्यक्षात कारभार भलतेच लोक करून राहिलेले असतात. असं दिसलं तर जुने बदल अर्ज (नावं बदलली हे धर्मादायला कळवणारे) कुठं अडकले ते आधी विचारा, त्याचं सरळ उत्तर मिळेपर्यंत थांबलेलं बरं. घटनेत सदस्य किती, मुदत किती वर्षांची, कोरम (सभेला किमान किती जण लागतात) किती आणि चेकवर सह्या कोणाच्या एवढं तरी वाचाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमची निवड झाली, हार घातला, फोटो निघाला, पण धर्मादायकडे बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, गेला नाही तर कागदावर तुम्ही नाहीच. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. त्याला सभेची नोटीस, ठराव, हजेरी, तुमचं संमतीपत्र आणि जो गेला त्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडतात. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण मग तारखांवर तारखा चालतात. सचिवाला दर महिन्याला विचारत राहा, त्यांना राग आला तरी चालेल. बँकवालेही सही बदलायला ठरावासोबत बहुतेकदा परिशिष्ट एकच मागतात, म्हणून हे अडलं की पुढचं सगळंच अडतं. संस्था सेक्शन आठची, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी असेल तर रस्ता वेगळा, तिथं आधी डीआयएन (संचालकाचा ओळख नंबर) काढा आणि ३० दिवसांत डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचा फॉर्म) भरला जातो की नाही ते बघा.

पहिल्या मीटिंगला गेलात की प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही, हातात घ्या. तुमच्या निवडीचा ठराव काढा, त्याच्यात तारीख आहे का, सूचक आणि अनुमोदक कोण, खाली अध्यक्षांची सही आहे का. दोन ठरावांच्या मधात चार-पाच ओळी कोऱ्या सोडलेल्या दिसल्या तर तिथंच आडवी रेघ मारायला लावा, कारण नंतर त्या जागेत काहीही घुसवता येतं. आणि कोऱ्या पानावर किंवा कोऱ्या चेकवर सही कधीच नाही, समोर सख्खा काका बसला असला तरी नाही.

पैशाचं आणि जमिनीचं थोडक्यात. संस्थेची जागा विकायची, गहाण टाकायची किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, कर्ज काढायलाही लागते. "नंतर घेऊ" म्हणणाऱ्यांना मीटिंगमध्येच विरोध करा आणि तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या, नुसता तोंडी विरोध कुठंच दिसत नाही. वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट उरकायचं असतं. सप्टेंबर उजाडला आणि सीए कोण हेच ठरलेलं नसलं तर समजून जा काय चाललंय. ८०जी च्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते तेही विचारून ठेवा, ती गेली की देणगीदारांची पावती करसवलतीला चालत नाही.

सुरुवातीला ऐका जास्त, पण एक काम स्वतःकडे घ्याच. वसतिगृह असेल तर तिथं एखाद्या दिवशी न सांगता जेवायला बसा, शाळा असेल तर शिक्षकांचे पगार वेळेवर होतात का ते बघा. मे महिन्यात दुपारची मीटिंग ठेवू देऊ नका, नागपूरच्या उन्हात कोणी येत नाही, कोरम होत नाही आणि मग घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात, जे अजिबात चालू देऊ नका.

आणि सोडायचं झालं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडणं म्हणजे राजीनामा नाही. लेखी द्या, पोच घ्या, तो ठरावात मंजूर झाला का आणि त्याचा बदल अर्ज गेला का ते बघा, नाहीतर तुमचं नाव परिशिष्ट एकवर तसंच राहतं.