रिंग जाते, पण ऑफिसात फोन वाजत नाही: जुन्या ईपीएबीएक्सवर या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, लक्ष्मीपुरी इथल्या जुन्या ऑफिसांत आणि पेढ्यांवर भिंतीवरचा ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइन ऑफिसातल्या फोनांना जोडणारं मशीन, अजून चालू आहे. दोन-तीन लाइन, आठ-दहा एक्स्टेंशन (आतले फोन) आणि बिलबुकावर छापलेला ०२३१ चा नंबर. येणारे कॉल बंद पडले तर ते आपल्याला कळतही नाही. पलीकडच्याला ऐकू येणारी रिंग टेलिफोन एक्स्चेंज देतं. आपली बेल वाजली की नाही, याच्याशी तिचा संबंध नसतो. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, ही मंडळी फोनच उचलत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘बाहेर कॉल जातोय ना, मग लाइन ठीक आहे’ असं धरून चालणं. बाहेर कॉल लावायला ४८ व्होल्ट डीसीवर सर्किट पूर्ण झालं की भागतं. बेल वाजवायला मात्र एक्स्चेंज लाइनच्या त्याच दोन तारांच्या जोडीवर साधारण ७५ व्होल्ट एसी सोडतं. जॉइंटमध्ये पाणी शिरलं असेल तर तिथून करंट गळतो, एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचलला आणि रिंग तुटते. एकदाच ट्रिंग होऊन फोन गप्प झाला, की ओल्या जॉइंटवर संशय घ्यायचा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हाच दोष आधी बघावा: खांबावरून येणारी वायर, खिडकीच्या चौकटीतलं भोक, पत्र्याखाली नुसती टेप गुंडाळलेला जोड. हिरवट गंज दिसला तर तेवढा तुकडा कापून जेलचा कनेक्टर लावा. वरून आणखी टेप गुंडाळली तर ओल आतच कोंडते.

दुसरी चूक, न तपासताच तक्रार नोंदवणं. लाइनमन येतो, त्याच्या फोनवर टोन मिळतो, तो निघून जातो आणि दोष तसाच राहतो. त्याआधी ईपीएबीएक्सकडं जाणारी जोडी सोडवा, त्या लाइनला साधा फोन थेट लावा आणि मोबाइलवरून कॉल करा. वाजला तर दोष मशीनमध्ये किंवा आतल्या वायरिंगमध्ये, नाही वाजला तर बाहेर. हे प्रत्येक लाइनवर वेगवेगळं करायचं. हंटिंग असेल तर पहिली लाइन बिझी असताना कॉल दुसरीवर जातो. ती मेलेली असली तर गर्दीच्या वेळचेच कॉल हरवतात आणि सकाळी तपासताना सगळं ठीक वाटतं. हे करताना उघड्या तारांना हात लावू नका, रिंग आली तर चांगलाच झटका बसतो.

दोष मशीनमध्ये निघाला तर त्यातलं लाइनचं कार्ड बदलायची घाई नको. आधी नाइट मोड (रात्री कॉल दुसऱ्या फोनवर वळवणारं सेटिंग) चालू राहिलाय का बघा, मग ऑपरेटरच्या फोनवर डीएनडी (रिंग बंद ठेवणारं सेटिंग) किंवा कॉल दुसरीकडं वळवणारं फॉरवर्डिंग राहिलंय का ते बघा. माणूस बदलला की हे हमखास होतं.

लाइन कायम बिझी लागत असेल तर बऱ्याचदा मशीनचा पोर्ट (लाइन जोडायची जागा) अडकलेला असतो: पलीकडच्यानं फोन ठेवला, पण मशीनला बिझी टोन ओळखता आला नाही. बंद-चालू केल्यावर तो सुटतो, पण जुन्या मशीनची मेमरी बॅटरी संपलेली असेल तर सगळं प्रोग्रामिंगही जातं. म्हणून स्विचला हात लावण्याआधी कोणती लाइन कोणत्या एक्स्टेंशनवर वाजते, हे कागदावर उतरवून मशीनच्या झाकणात चिकटवा. सारखा अडकत असेल तर टेक्निशियनकडून बिझी टोनचं सेटिंग बदलून घ्या.

तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं असेल तर आणखी एक गोष्ट. पूर्वी लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, आता ती तुमच्या भिंतीवरच्या मोडेमला लागते. ईपीएबीएक्स बॅटरीवर आणि मोडेम साध्या प्लगवर असेल, तर लाइट गेल्यावर आतले एक्स्टेंशन चालतात आणि बाहेरचा एकही कॉल येत नाही. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.